द्वारका ते लाल किल्ला, एका वायरसाठी

दिल्लीच्या द्वारकेत येऊन श्रीकृष्ण शोधू नका. इथे सगळा पत्ता आकड्यांत: सेक्टर, सोसायटी, फ्लॅट. आणि विमानतळ शेजारीच, त्यामुळे डोक्यावरून विमानं.

पुण्याचं घर आवरलं, तेव्हा सासूबाई इथे आल्या त्या मामंजींच्या एलपींची ट्रंक आणि त्यांचा व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प घेऊनच. आमच्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर होता. दोन्ही जोडायचं ठरलं, पण योग्य वायर नव्हती.

मग द्वारका सेक्टर १० ला ब्लू लाइन पकडली, मंडी हाउसला व्हायलेट लाइन, आणि चौथं स्टेशन लाल किल्ला. किल्ल्यासमोरच लजपत राय मार्केट. रविवारी जाऊ नका, बंद असतं. अरुंद बोळ, वायरींची भेंडोळी, हमालांचं ‘साइड, साइड’. एका वृद्ध दुकानदारांना व्हॉल्व्ह म्हटल्याबरोबर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आठवले. चहा मागवून त्यांनी मला धडाच दिला. तुम्हालाही सांगते.

प्रीअॅम्पचं आउटपुट रिसीव्हरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’मध्येच द्या. मी घरी ते ‘फोनो’त घातलं होतं. रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल प्रीअॅम्पनं एकदा वाढवलेला, तो फोनोत पुन्हा वाढतो. आवाज घुमतो, फाटतो. स्पीकरच्या तारा मात्र प्रीअॅम्पला चुकूनही लावू नका. रिसीव्हर ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’वर ठेवा. ही सोय दोन चॅनेलच्या गाण्यासाठी; सिनेमाचा घेरणारा आवाज यातून जात नाही. घुंऽऽ असा आवाज आला तर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावून बघा, पण अर्थिंगची पिन तोडू नका. व्हॉल्व्ह तापतात, आत मोठा व्होल्टेज असतो, तो बंद केल्यावरही काही वेळ राहतो. मुलांना झाकण उघडू देऊ नका.

वायर तळहाताएवढीच निघाली. एवढ्यासाठी अर्धा दिवस गेला, पण परतताना परांठेवाली गल्ली टाळणं मला काही जमलं नाही.

रात्री वायर जोडली. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. ट्रंक आल्यापासून सासूबाईंनी ती एकदाही उघडली नव्हती. त्या दिवशी त्यांनीच एक रेकॉर्ड काढली, पदरानं पुसली. पहिला आलाप सुरू होतो न होतो तोच विमान गेलं.

“परत पहिल्यापासून लाव गं,” त्या म्हणाल्या.