लुंबिनीला जाताना गाडी ठरवावी कशी?

आपल्या समाजातील उपासक-उपासिका बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून पुढे लुंबिनीलाही जातात. लुंबिनी मात्र नेपाळात आहे. गोरखपूरहून शंभरेक किलोमीटरवर सोनौलीची सरहद्द ओलांडली की आपण परदेशात असतो. व्हिसा लागत नाही, म्हणून हे आपल्या ध्यानातच येत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये आमच्या वस्तीतील अकरा जणांना घेऊन मी गेलो होतो. सरहद्दीपलीकडे एक जीप ठरवली. लुंबिनी तेथून सुमारे पंचवीस किलोमीटर. जाऊन-येऊन तीन हजार, असे तोंडी ठरले. नेपाळात आहोत म्हणजे नेपाळी रुपये, असे मी धरून चाललो. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात. म्हणजे आपले 1,875 रुपये.

संध्याकाळी परत आल्यावर ड्रायव्हरने तीन हजार भारतीय रुपये मागितले. 1,125 रुपये जास्त! आवाज चढले, माणसे जमली. शेवटी धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावशींनी पदराची गाठ सोडली. "भाऊ, तंटा नको. हे नातीच्या खाऊचे घे," म्हणाल्या. पगार झाल्यावर मी त्यांचे पैसे परत केले. पण बी. कॉम. झालेला, रोज हिशेब लिहिणारा मी, 'कोणते रुपये?' एवढे विचारायला विसरलो. ड्रायव्हरचा दोष नव्हता.

म्हणून जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. भाडे भारतीय की नेपाळी, थांबण्याचे, पार्किंगचे पैसे त्यात आहेत की नाहीत, हे कागदावर लिहून घ्यावे. सर्व पैसे आधी देऊ नयेत. नेपाळात भाड्याच्या गाडीची नंबरपाटी काळी, पर्यटक गाडीची हिरवी आणि खाजगी गाडीची लाल असते. लाल पाटीची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडकते.

गोरखपूरहूनच गाडी नेणार असाल, तर तिला सरहद्दीवर 'भन्सार' म्हणजे जकातीचा परवाना काढावा लागतो. तो जितक्या दिवसांचा, तितकेच दिवस गाडी तेथे राहू शकते. हा खर्च कोणाचा ते आधीच ठरवावे आणि पावती स्वतः पाहावी. प्रत्येकाने मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. फक्त आधार कार्डावर विसंबू नये. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुके पडते, तेव्हा रात्रीचा प्रवास टाळावा. गाडीचा नंबर घरी कळवावा. नेपाळात पोलिसांचा फोन 100 आहे.

लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे. तथागतांचा जन्म येथे झाला म्हणून सम्राटाने त्या गावाचा कर कमी केला, आणि तो किती द्यायचा तेही दगडावर कोरून ठेवले. आपण निदान गाडीचे भाडे कागदावर लिहून घ्यावे.