घरातला समुद्र आणि पंधरवड्याची भरती

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याने निघाले की आरे-वारेच्या वळणावर समुद्र एकाएकी समोर उभा राहतो. बहुतेक प्रवासी तिथे गाडी थांबवतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. आपल्या घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक असेल, किंवा निवृत्तीनंतर तो ठेवण्याचा विचार मनात घोळत असेल, तर या किनाऱ्यावर थोडा अधिक वेळ काढावा. काचेच्या टाकीतले पाणी कसे राखावे याचा धडा इथल्या खडकांमध्ये उघडा पडलेला असतो.

मात्र यावे ते ओहोटीला. कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. पक्षातील तिथीला तिनाने गुणावे व चाराने भागावे, म्हणजे भरतीचा तास ढोबळमानाने कळतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठ-साडेआठला. ऊन चढण्यापूर्वीची ही वेळ ज्येष्ठांच्या सोयीची. शेवाळलेल्या खडकावर पाय निश्चित घसरतो, तेव्हा खडकांवर न चढता वाळूच्या कडेने, कोणाचा तरी हात धरून पाहावे. पावसाळ्यात उसळत्या समुद्राजवळ जाऊच नये.

पाणी मागे हटले की खडकांच्या खळग्यांत लहानमोठी डबकी उरतात. शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, खडकाला घट्ट धरून बसलेली कालवे, फुलासारखे उमललेले समुद्रफूल, सावली पडताच कपारीत शिरणारा बोटभर मासा, अशी सारी वस्ती त्या ओंजळभर पाण्यात असते. ऊन तापते तसे डबक्यातले पाणी वाफ होऊन उडते. मीठ मागे राहते आणि पाणी अधिक खारट होते. ऊब वाढली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. आणखी बारा तास असेच गेले तर त्यातले किती जीव टिकतील हे सांगणे कठीण. परंतु काही तासांत भरती येते, शिळे पाणी वाहून नेते आणि ताजे भरते. पंधरवड्यातून एकदा, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाची भरती उंचावरच्या डबक्यांनाही धुऊन काढते.

आपल्या दिवाणखान्यातली टाकी म्हणजे असेच एक डबके. फरक एवढाच की तिथे भरती आपोआप येत नाही. ती आपल्या हातांनी आणावी लागते.

पहिली गोष्ट खारटपणाची. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेच प्रमाण राखायचे. १०० लिटरच्या टाकीतून पाच लिटर पाणी उडून गेले, तर ते प्रमाण ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. उडालेल्या पाण्याची भरपाई म्हणूनच मिठाच्या पाण्याने करू नये, आर.ओ. यंत्रातून गाळलेले गोडे पाणी रोज थोडे थोडे घालावे. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची एक खूण करून ठेवली की चष्मा लावून पाहणाऱ्यालाही किती भर घालायची ते चटकन समजते. खारटपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे लहानसे उपकरण मिळते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जीवाणू खडकांच्या व वाळूच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनियाचा अधिक वाटा विषारी रूपात असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपणारी घाई इथे खपत नाही. नातवंडांच्या हट्टाखातर टाकी भरल्याच्या दिवशीच मासे आणू नयेत. तपासणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मगच एक-दोन मासे सोडावेत.

तिसरी गोष्ट, आपली घरगुती भरती. दर पंधरा दिवसांनी टाकीतले दहा ते पंधरा टक्के पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालावे. उधाणाची तिथी लक्षात ठेवली तर कामाचा दिवसही लक्षात राहतो. स्वयंपाकाच्या मिठाने हे पाणी होत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षारही असतात, म्हणून मत्स्यालयासाठीचे मिश्रित मीठच घ्यावे. ते आदल्या दिवशी वेगळ्या बादलीत, लहान पंपाने पाणी खेळते ठेवून विरघळवावे आणि खारटपणा व उष्णता टाकीतल्या पाण्याशी जुळल्यावरच घालावे. किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोह टाळावा. भाट्याच्या खाडीपाशी काजळी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात अशा मुखांजवळचे पाणी गढूळ आणि कमी खारट असते. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रघोडाही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे.

उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि पी.एच. ८.१ ते ८.४ यांदरम्यान स्थिर ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापते, तेव्हा टाकीवरचे झाकण उघडून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. मात्र मग पाणी अधिक वेगाने उडते, हे ध्यानात घेऊन भर वाढवावी. वीज गेली तर सर्वांत आधी प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा.

आता टाकीची काळजी घेणाऱ्याची काळजी. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलोचे वजन. कंबर, गुडघे आणि ओली फरशी यांचा विचार करता ते ज्येष्ठांनी उचलू नये. दोन लिटरच्या भांड्याने, पाच फेऱ्यांत काम करावे, किंवा लहान पंप आणि नळी वापरावी. फरशीवर पडलेले पाणी त्याच क्षणी पुसावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

हाताला जखम, भेग किंवा ओरखडा असेल तर हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू असू शकतो. त्याच्या संसर्गाने काही आठवड्यांनी हातावर गाठ किंवा लवकर न भरणारे व्रण उठतात. मधुमेह असलेल्यांनी किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवणे श्रेयस्कर. असा व्रण दिसल्यास घरी फिश टँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे; निदानाची दिशा त्यातूनच मिळते. टाकीत झोॲन्थिड जातीचे, बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे जीव असतील, तर ते घासू नयेत आणि गरम पाण्यात कधीही टाकू नयेत; त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते आणि त्याची वाफ श्वासावाटेही बाधते.

एवढी दगदग कशासाठी, असे आपण विचाराल. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनकक्षात मत्स्यटाकी ठेवल्यावर त्यांचे अन्नग्रहण वाढलेले आढळले. ज्यांच्या घरी ताटासमोरून वारंवार उठून जाणारे आई-वडील आहेत, त्यांना या निष्कर्षाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. मात्र त्यासाठी टाकी खाऱ्या पाण्याचीच हवी असे नाही. घरात मदतीला दुसरे हात नसतील, शुश्रूषेतच दिवस संपत असेल, तर गोड्या पाण्याची लहान टाकी अधिक शहाणपणाची. मुक्या जिवांची हेळसांड पाहून रुग्णही अस्वस्थ होतो आणि सांभाळणाराही.

खाऱ्या पाण्याची टाकी असेलच, तर तिच्याशेजारी एक वही ठेवावी. तारीख, खारटपणा, उष्णता, घातलेले पाणी आणि खाद्याची चिमूट त्यात मोठ्या अक्षरांत लिहावी. घरातले माणूस अचानक रुग्णालयात दाखल झाले, तर शेजारच्या मुलीलाही ती वही वाचून टाकी सांभाळता येईल. विस्मरण जडू लागलेल्या व्यक्तीने माशांना दुसऱ्यांदा खाऊ घातले तर पाणी बिघडते; दिवसाचे खाद्य लहान डबीत काढून ठेवले की हा प्रश्न उरत नाही, आणि खाऊ घालण्याचा आनंदही त्यांच्याकडेच राहतो.

परतीच्या वाटेवर रत्नागिरीतल्या झाडगाव येथे, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा जरूर पाहावा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी बालपणी आई-वडिलांचे बोट धरून पाहिले असेल, त्यांना इथल्या काचांसमोर उभे राहताना ते दिवस आठवतील. पाहताना एखादी खुर्ची मागून घ्यावी आणि निवांत बसावे. ज्यांना घरी टाकी सांभाळणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एवढा समुद्रही पुष्कळ आहे.