मुठीत मावणारा पाय

घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली मांस नसतंच. नळीचं हाड, मागून उतरणाऱ्या कंडरा आणि वर कातडं. पुस्तकात हे मी फार उशिरा वाचलं. त्याआधी पुण्यात घोडेस्वारी शिकताना तबेल्यातल्या मोतद्दार मामांनी माझी मूठच त्या नळीभोवती ठेवली होती.

रपेट संपली की आम्हा पोरांना घरी पळायचं असे. मामा सोडायचे नाहीत. आधी घोडा हिंडवायचा, धाप बसली की तंग सोडायचा, खोगीर उतरवायचं, पायांवर गार पाणी, मग खरारा. सगळ्यात शेवटी चोळायच्या औषधाची ती तपकिरी बाटली. कापूर आणि पुदिना यांच्यामधला कुठलातरी झणझणीत वास. निम्मं औषध बोटांतून जमिनीवर जायचं, उरलेलं आमच्या डब्यातल्या पोळीला लागायचं.

त्याच औषधाचं जेल फार नंतर आलं. ते ओघळत नाही, जागेवर धरून राहतं. माझ्या मते नवलाई एवढीच. त्यातलं मेन्थॉल कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून थंड वाटतं. पाय खरोखर थंड होतो तो पाण्याने. आणि व्हायला तर हवाच: भरधाव पळणाऱ्या घोड्याची कंडरा ताणते, आखडते, त्यातली थोडी शक्ती उष्णता होऊन आतच अडकते, आतलं तापमान 45 अंशांपर्यंत जातं. महागडा डबा आणलेल्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. जेलची खरी जागा पाठ, खांदा, पुठ्ठे, जिथे चोळायला स्नायू आहेत. जखमेवर नाही, आणि घट्ट पट्टीखाली तर नाहीच, कातडं पोळतं.

तरी नळीला लावणं मी सोडलं नाही. त्या निमित्ताने रोज दोन्ही पाय हाताखालून जातात. एका पावसाळ्यात आमच्या घोडीची डावी नळी उजवीपेक्षा किंचित गरम लागली. लंगडत नव्हती, चाऱ्यावर होती. सोनोग्राफीत कंडरेचे तंतू तुटलेले निघाले. जेल बंद, पाणी आणि विश्रांती सुरू; ती पुन्हा दुडकी चालेपर्यंत पुढचा पावसाळा आला.

स्पर्धांना जायला लागल्यावर डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली घोडेस्वारी हाँगकाँगला झाली, तिथे काही घोड्यांत बंदी असलेलं कॅप्सेसिन सापडलं. मिरचीतलं हे द्रव्य ऊब देणाऱ्या मलमांत असतं. पण पायाला चोळलं की कातडी हुळहुळी होते, अडथळ्याचा बांबू जास्त लागतो आणि घोडा भीतीने उंच उडी घेतो. नॉर्वेच्या संघाचं ब्राँझपदक त्यापायी गेलं. औषधाचा असा उपयोग सुचणाऱ्या माणसाला मामांनी तबेल्याच्या दारात उभं केलं नसतं.

आता माझेच गुडघे कुरकुरतात आणि घोड्याच्या डब्यात बोटं जातात. ही सवय जुनीच. 1892 मध्ये अमेरिकेत विल्बर यंग आणि मेरी आयडा या जोडप्याने ओझी ओढणाऱ्या घोड्यांसाठी असंच औषध बनवलं. एरवी त्या काळी कातडीवर फोड आणणारे उपाय चालत. पुढे माणसंही ते चोळू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी बाटली काढावी लागली. मी आधी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बघते. उजवा हल्ली जास्त गरम लागतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचाय.