डिस्कला स्वतःचा नंबर असतो हो!

सात वर्षं जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचा सर्व्हर सांभाळतोय, आणि ही गोष्ट मला परवा कळली. परवा! अजून हात शिवशिवताहेत.

दुपारी लाइट गेली, बॅटरीनं मान टाकली, सर्व्हर बंद. लाइट आली, सुरू केला, सगळं झकास. पाच मिनिटांत मुनीमजी दारात. "सकाळची बिलं कुठं गेली?" आदल्या रात्रीपर्यंतची सगळी जागेवर, सकाळची एकही नाही. मे महिन्यातला घाम वेगळा आणि हा वेगळा.

धुळ्याच्या मित्राला फोन लावला. तो हसलाच. "भो, एसडीबी लिहून ठेवलंय ना तू?"

ठेवलं होतं! डेटाची डिस्क एसडीबी, बॅकअपची एसडीसी. ही त्यांची नावं, असं सात वर्षं धरून चाललो होतो. तर नाहीच! लिनक्स सुरू होताना जी डिस्क आधी ओ देते तिला आधीचं अक्षर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसला कारभार. त्या दुपारी बॅकअपच्या डिस्कचा रुमाल आधी पडला, आणि अख्खी मिल रात्रीच्या प्रतीवर काम करू लागली. सकाळची बिलं दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होती.

"ब्लकआयडी कमांड मार," तो म्हणाला. मारलं. प्रत्येक डिस्कच्या विभागासमोर ही लांबलचक माळ! 32 अंक-अक्षरं, मधे 4 आडव्या रेघा. हा यूयूआयडी. फॉरमॅट करतानाच फाइल सिस्टिममध्ये लिहिला जातो. वायर बदला, डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावा, नंबर तोच. "आमच्या धुळ्याच्या गल्लीसारखं," मित्र म्हणाला, "पाच नंबरात कोणीही राहायला येवो, गल्ली पाच नंबरच." (पुन्हा फॉरमॅट केलं तर मात्र नवा नंबर. आणि डीडी कमांडनं हुबेहूब प्रत काढली तर नंबरही हुबेहूब, म्हणजे जुळ्यांचा घोळ.)

कुठली डिस्क कुठं जोडायची ते लिहिलेली एफएसटॅब फाइल उघडली, एसडीबी1 खोडून तिथं यूयूआयडी टाकला. बॅकअपच्या ओळीत 'नोफेल'ही, म्हणजे ती डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही. डेटाच्या ओळीत ते मुद्दाम नाही घातलं. डेटाच नसेल तर अडलेलंच बरं! 'माउंट -ए' देऊन ओळी तपासल्या.

संध्याकाळी मिल सुटल्यावर सर्व्हर बंद करून दोन्ही वायरींची अदलाबदल केली. सुरू केला. नावं चक्क उलटली होती, डेटा एसडीसी झाला होता, आणि बिलं जागच्या जागी! पुन्हा बंद, पुन्हा सुरू. जागच्या जागी! गल्ला मोजता मोजता मुनीमजी ओरडले, "आता काय बंद पडलं?"

"काही नाही, बघतोय," म्हणालो, आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.