साकळले की विरजले?

पातळ पदार्थ दाट अथवा घन होणे, एवढ्या एका अर्थासाठी इंग्रजीने किती क्रियापदे बाळगली आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला पूर्वी मोठे कौतुक वाटे. ‘थिक’, ‘स्टिफ’, ‘हार्ड’ या साध्या विशेषणांना ‘एन’चे शेपूट जोडावे, की ‘थिकन’, ‘स्टिफन’, ‘हार्डन’ तयार. ‘सॉलिड’ला लॅटिन वळणाचा प्रत्यय लावला की ‘सॉलिडिफाय’. शिवाय ‘सेट’, ‘कर्डल’, ‘कंजील’, ‘कोॲग्युलेट’ आहेतच. धारवाडच्या वर्गात ही नामावळी फळ्यावर लिहून मी विचारी, “यांना आपल्याकडे काय म्हणाल?” मराठी मुले म्हणत, “घट्ट होणे”, कन्नड मुले म्हणत, “गट्टि आगु”. आपल्या भाषांच्या दारिद्र्याची मला तेव्हा मनातून खंत वाटे.

वास्तविक माझ्याच घरात दूध आटत होते आणि विरजतही होते. तूप थिजत होते. आमटी आळून येत होती, लोणचे मुरत होते. आई यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागी चुकूनही वापरीत नसे. कारण पदार्थ किती घट्ट झाला यापेक्षा तो कशाने घट्ट झाला, हे तिच्या क्रियापदात असे. आटविणारा अग्नी, थिजविणारी थंडी, विरजविणारे कालच्या दह्याचे बोट. आणि त्याच क्रियापदात परतीची वाटही सांगितलेली असे. धारवाडच्या थंडीत थिजलेले तूप चुलीजवळ ठेवले की पुन्हा वाहू लागते. विरजलेल्या दह्याचे मात्र काही केले तरी दूध होत नाही. आटविलेल्या दुधाचा खवा साखरेसह तांबूस होईतो परतून लाइन बझारात त्याचा पेढा झाला, की तोही मागे फिरत नाही. हे सारे मी रोज ऐकत होतो. पण ऐकणे निराळे आणि उमजणे निराळे.

ते उमजण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. पावसाळ्याचे दिवस होते. वडिलांची डावी पोटरी एकाएकी सुजली, पाऊल टेकवेना. हुबळीच्या एका रुग्णालयात त्यांना दाखल केले. तपासणी झाल्यावर डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, “क्लॉट आहे.” आणि आईकडे वळून कन्नडात म्हणाले, “रक्त हेप्पुगट्टिदे.”

आईचे सारे आयुष्य धारवाडात गेलेले. ‘हेप्पु’ म्हणजे विरजण, हे तिला कोणी सांगावयास नको होते. शेजारणी तेच मागावयास येत. ती बाकावर मटकन बसली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “विरजलेलं पुन्हा दूध होतंय का रे कधी?”

तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, “अगं, विरजलं नाही. नुसतं साकळलंय.” तिचा चेहरा उजळला. लहानपणी मी पडलो, धडपडलो की कातडीखाली रक्त साकळे आणि ती शेकून, चोळून ते पांगवीत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरून कोमट तेलाची वाटी घेऊन आली. मी औषधे आणून परततो तो ती वडिलांच्या पायथ्याशी बसलेली, हात तेलात बुडविलेले आणि परिचारिका तिचे मनगट धरून उभी. डॉक्टर धावत आले. खोल शिरेतली गुठळी चोळली तर तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतो, असे त्यांनी समजावून सांगितले. आई थरथरत होती. अपराध तिचा नव्हता. तो मी दिलेल्या शब्दाचा होता. हेप्पुने तिची आशा हिरावली होती, तर माझ्या ‘साकळण्या’ने तिचे हात चोळावयास निघाले होते.

“मग आता करायचं तरी काय?” तिने विचारले. डॉक्टर म्हणाले, “या औषधाला लोक रक्त पातळ करणारे म्हणतात, पण त्याने रक्त पातळ होत नाही आणि गुठळीही फुटत नाही. ती फक्त वाढत नाही. विरघळविण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते.”

आई क्षणभर विचारात पडली. “म्हणजे खडीसाखरेसारखं,” ती म्हणाली. “ढवळायचं नाही. आपलं आपण विरघळू द्यायचं.”

डॉक्टर हसले. “अगदी तसेच, अम्मा.”

पुढे कोश चाळताना दिसले, की ‘कोॲग्युलेट’चे मूळ दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याच्या लॅटिन नावात आहे, म्हणजे लॅटिन माणसाने आणि आमच्या कन्नड शेजाऱ्याने रक्ताकडे दुधाच्याच भांड्यातून पाहिले. ‘कंजील’ गोठण्याच्या थंडीतून आला, जसे आपण ‘रक्त गोठले’ म्हणतो. ज्या नामावळीपुढे मी दिपून गेलो होतो, तीदेखील कोणाच्या तरी गोठ्यातून आणि हिवाळ्यातूनच आली होती.

तीन महिन्यांहून अधिक काळ औषध चालले. त्यानंतर एका सोमवारी वडील काठी न घेता देवळाच्या पायऱ्या चढले. अभिषेकाची तयारी चालली होती. पंचामृताच्या वाट्यांत दूध होते, दही होते आणि रात्रीच्या गारठ्याने थिजलेले तूपही होते. गुरुजींनी तुपाची वाटी समईच्या ज्योतीजवळ सरकविली. आई त्या वाटीकडे तूप कडेने सुटेपर्यंत पाहत राहिली.

वर्गात मी अजूनही तीच क्रियापदे फळ्यावर लिहितो. पण आता त्यांचे मराठी प्रतिशब्द विचारीत नाही. विचारतो ते इतकेच : हे कशाने घट्ट झाले आणि पुन्हा पातळ व्हायचे असेल, तर आपण काय करावे आणि काय करू नये?