पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणताना आपल्या मनात संशय असतो. खरेखुरे पाणी मुरताना मात्र तो कोणालाच येत नाही. जमिनीने पाणी प्याले, की आपला हिशेब संपला!

तेल्हाऱ्याच्या माणसाने तरी तो संपवू नये. सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णेकडे उतरत जावे, तसे विहिरींचे पाणी खारे होत जाते. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा. एकदा शेतातल्या युरियाबद्दल बोलताना एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, “मास्तर, पानी त आधीच खारं हाये. त्यात अजून काई गेलं त कोनाले समजते?”

त्यांच्या या साध्या बोलण्यातच खरी मेख आहे. क्षार बिचारा प्रामाणिक. जिभेला आपली ओळख सांगतो. युरियाचे मातीतले जंतू नायट्रेट करतात, आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. मातीचे चिकण कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित. म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने घेतले नाही ते पाण्याबरोबर खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मर्यादा. त्यापलीकडे गेले, तर पहिली झळ तान्ह्या मुलाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हा प्रवास मला संगणकावर दाखवला. जमिनीचे थर पाडायचे. प्रत्येक थरात किती आले, किती गेले, किती उरले, ते मांडायचे. वाण्याच्या खातेवहीहून निराळे काही नाही! फ्रान्समधल्या दीजाँ गावी दार्सीने वाळूतून पाणी सोडून त्याचा नियम काढला तो 1856 साली प्रसिद्ध झाला. अर्धवट ओल्या मातीसाठी रिचर्ड्सने 1931 साली समीकरण दिले. हिशेबाचा पाया तोच.

पण आमची काळी माती म्हणजे वाळू नव्हे. वैशाखात तिला भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली धावतो; मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुंगीच्या पावलाने चालू लागते. म्हणून जाणते लोक एकाच शेतात दोन माती कल्पितात, एक धावती आणि एक रेंगाळती. हे न केले, तर जे काही पावसांतच खोल जायचे, त्याला यंत्र वर्षानुवर्षांची मुदत देऊन बसते.

ही काही भविष्यवाणी नव्हे. व्याकरणातल्या संकेतार्थासारखे हे ‘जर-तर’ आहे : खत एकदम टाकले तर असे, पिकाच्या गरजेप्रमाणे थोडथोडे दिले तर तसे. त्यातला ‘जर’ आपल्या हातातला आहे, हीच त्यातली आशा.

आता वारी-भैरवगडच्या वान धरणाचे गोडे पाणी नळाने अनेक गावांत येते. ते आल्याचा आनंद कोणाला नाही? पण नळ आला, की विहिरीत डोकावणारे डोळे कमी होतात. आणि यंत्राने मांडलेला हिशेब बरोबर की चूक, हे तपासायला अखेर त्याच विहिरीतले बाटलीभर पाणी लागते.