वाहता नळ

अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्याने न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचे वर्णन करावे, असा रिवाज आहे. मी मात्र एका नळाविषयी लिहिणार आहे. त्याला इलाज नाही. आमच्या साऱ्या प्रवासात लक्षात राहिला तो तोच.

२०१९ च्या फेब्रुवारीत आई आणि मी धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात, डोंगरउतारावर मेहुण्यांनी एक लाकडी घर बांधले आहे. तिथे विजेची तार नाही की नगरपालिकेचे पाणी नाही. उजेडाला कंदील, उबेला लाकडांची शेगडी आणि पाण्याला वरच्या अंगाचा जिवंत झरा. झऱ्याचे पाणी एका लहान टाकीत साठते आणि काळ्या प्लॅस्टिकच्या नळीतून उताराने आपोआप घरात येते. ही नळी चार फूट खोल पुरलेली. कारण थंडीत तिथली जमीनच वरून खाली गोठत जाते. नळीवरच्या बर्फातून पाऊलवाटसुद्धा पाडायची नाही. भुसभुशीत बर्फ गोधडीसारखी ऊब धरतो. तो तुडवला की थंडी खोल उतरते.

बाहेर पारा शून्याखाली वीस अंश. स्वयंपाकघरातला नळ मात्र रात्रंदिवस चालू, पेन्सिलीएवढ्या धारेने.

आईने कपाळाला हात लावला. ती माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात अठरा वर्षांची होती; एका हंड्यासाठी अर्धी रात्र विहिरीवर बसलेली.

"अगं, नळ चालू राहिलाय!"

"राहू दे, आई. इथे तसाच ठेवतात," बहीण म्हणाली आणि कामाला लागली.

रात्री आई सारखी कूस बदलत होती. मीही तिचाच मुलगा. हळूच उठलो आणि नळ घट्ट बंद केला. पाच मिनिटांत तिला झोप लागली.

सकाळी नळाला थेंब नाही.

"नळ कुणी बंद केला?" बहिणीचा आवाज चढला. आईने मान खाली घातली.

"मी," मी म्हणालो.

मेहुणे रागावले नाहीत. जमिनीतून निघताना झऱ्याचे पाणी साधारण सात अंशांचे असते. वाहते राहिले तर ती ऊब बरोबर घेऊन येते; थांबले की गारठते. गोठताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. तांब्याची नळी फुटलीही असती. ही जरा ताणते, एवढेच नशीब!

जमिनीतून वर येऊन नळी घराच्या तक्तपोशीखाली जिथे शिरते, तिथे ती हातभर गोठली होती. आम्ही दोघे खाली आडवे झालो. आई शेगडीवर बर्फ वितळवू लागली. पातेलेभर बर्फाचे पाणी तळाशी चार पेले! त्यात बुडवलेली गरम फडकी नळीला गुंडाळायची, तीही नळाच्या टोकाकडून मागे मागे सरकत, नळ उघडा ठेवून. म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते.

फडकी पिळता पिळता आई वर म्हणाली, "त्यानं माझ्यासाठी बंद केला गं. काय बोलायचं ते मला बोल."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मी वर आलो तेव्हा बहीण आईचे लाल झालेले हात आपल्या हातांत धरून बसली होती, आणि आई तिला विहिरीवरच्या त्या रात्रींची हकीकत सांगत होती.

दुपारी दोनला नळ गुरगुरला, खोकला, बर्फाचे तुकडे ओकला आणि वाहू लागला. त्या रात्री आईने धारेखाली बादली ठेवली. सकाळी त्या पाण्याने भांडी घासली, लादी पुसली, आणि मनाचे समाधान करून घेतले.

निघताना मेहुण्यांनी टाकीजवळची तोटी बंद केली, उताराच्या तळाची सोडली आणि सारी नळी रिकामी केली. घरातला नळ उघडाच ठेवला. रिकाम्या नळीत गोठायला काही उरत नाही.

परवा आमच्या घरी रात्री नळ ठिबकत होता. मी उठण्याआधीच आई उठली, तोटी आवळली आणि अंधारातून म्हणाली, "इथं नाही रे गोठत."